कठड्याच्या अलीकडून

जर्मनीला महिनाभर राहून आलो म्हटल्यावर भेटायला येणारे पहिला प्रश्न विचारतात, ‘मग, काय काय पाहिलंत?’ त्यांना बर्लिनची भिंत अपेक्षित असते, एखादा राजवाडा, गेलाबाजार मोटारींचा कारखाना तरी. मी म्हणतो, ‘एक घळ पाहिली.’ समोरच्याचा चेहरा पडतो. घळ पाहायला इतक्या लांब कशाला जायचे? महाडजवळ शिवथरची घळ आहे की! मग आमची ही चहाचे कप ठेवता ठेवता माझ्या मदतीला येते आणि मोबाइलमधले राजवाड्याचे फोटो दाखवते. पाहुण्यांना बरे वाटते. राजवाडाही आम्ही पाहिला, नाही असे नाही. पण त्याची आता मला एक पायरीसुद्धा आठवत नाही. घळ मात्र अजून कानात आहे. कानात म्हणजे शब्दशः कानात. ते पुढे येईलच.

लेक म्युनिकला असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे होतो. म्युनिकहून दक्षिणेला आगगाडीने सव्वा-दीड तासावर गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचे गाव आहे. जोडनाव आहे, कारण गावे मुळात दोन. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी हिटलरच्या राजवटीने १९३५ मध्ये दोघांची मोट बांधली. स्पर्धेला परदेशी पाहुणे येणार म्हणून ‘ज्यूंना इथे प्रवेश नाही’ अशा अर्थाच्या पाट्या तेवढ्या दिवसांपुरत्या उतरवून ठेवल्या होत्या. ज्या मैदानात त्या स्पर्धांचे उद्घाटन झाले, तिथूनच घळीची वाट सुरू होते. बर्फावरून उड्या मारायचा तो प्रचंड उतार डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूने पाहिला तरी पोटात गोळा येतो. आता तिथे आइस्क्रीमची गाडी असते, आणि पोरेटोरे बागडत असतात.

हिचा उजवा गुडघा बदलून वर्ष झाले होते. ‘आई, तू मैदानापाशी बस, आम्ही जाऊन येतो,’ असे लेकीने सुचवून पाहिले. त्यावर हिने जे पाहिले, ते पाहून जावयांनी मुकाट्याने घोडागाडीकडे मोर्चा वळवला. मैदानापासून घळीच्या तोंडापर्यंत दोन-अडीच किलोमीटर घोडागाडी जाते. गाडीवान साठीचा, माझ्याच वयाचा. ‘ग्र्युस गॉट’ म्हणाला. त्या भागात सगळे असेच म्हणतात. देव तुमचे स्वागत करो, असा त्याचा अर्थ. आपला ‘रामराम’च तो. मी ‘रामराम’ म्हणालो. त्याला काय कळले कोण जाणे, पण त्याने हिला हात देऊन वर चढवले आणि घोडे निघाले.

नदीचे नाव पार्टनाख. वाट तिच्या काठाने जाते. पाणी दुधात हिरवी शाई पडावी तशा रंगाचे. रस्ता संपतो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, तिकिटाची खिडकी येते आणि मग डोंगर एकदम इतके जवळ येतात की, वाट कडा फोडून आत काढावी लागली आहे. अशा जागेला तिकडे ‘क्लाम’ म्हणतात. चिमट्यात पकडणे या अर्थाच्या क्रियापदाशी तो शब्द जुळलेला आहे. आपल्या शाळेच्या भूगोलात ‘घळई’ म्हणत. लांबी सुमारे ७०० मीटर. खोली काही ठिकाणी ८० मीटरहून अधिक, म्हणजे पंचवीस मजली इमारत उभी मावेल एवढी. रुंदी किती? काही ठिकाणी वरच्या दोन कड्यांवर दोन माणसे उभी केली, तर डब्यातली चटणी एकमेकांना देतील असे वाटते. (वाटते इतकेच. प्रयोग कुणी करू नये.)

मी गेली तीन वर्षे कानाचे यंत्र वापरतो. आत पाऊल टाकले आणि यंत्राने किंचाळायलाच सुरुवात केली. पाण्याचा तो आवाज त्याच्या हिशेबात बसेना. शेवटी दोन्ही यंत्रे काढून खिशात टाकली. आता मी जवळजवळ ठार बहिरा. पुढे काय झाले ते सांगतो. लोखंडी कठड्यावर हात ठेवला आणि तळहातातून आवाज ऐकू आला. बारीक, सलग थरथर. मध्येच एक ठोका, जणू खाली कुणी जड पेटी सरकवली. जावयांनी कानाशी तोंड आणून ओरडून सांगितले, ‘बाबा, तळाशी धोंडे गडगडतायत!’ नदी घळ कशी कोरते हे मी पुस्तकात वाचले होते. ते काम चालू असताना हाताला लागावे, असे कधी मनात आले नव्हते.

पाणी एकटे दगड कापत नाही. पाण्याबरोबर येणारे गोटे-वाळू हे त्याचे हत्यार. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. खळग्यात अडकलेला गोटा भोवऱ्याबरोबर फिरत राहतो आणि दगडाला रांजणासारखा कोरतो. माझी खेड्यातली पहिली नेमणूक त्याच बाजूची; कर्जवसुलीच्या दौऱ्यावर कितीदा तिथे डबा खाल्ला असेल. पार्टनाखच्या भिंतींना तशाच अर्धगोल खोबण्या आहेत, एकीवर एक, आपल्या डोक्याच्याही पुष्कळ वर. म्हणजे कधीकाळी नदी तिथे होती. आपण चालतो ती वाट त्या वेळी अखंड दगडाच्या पोटात.

निघोजचा दगड मात्र वेगळा. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पार्टनाखचा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक टणक. त्याच्या वरच्या अंगाला, दक्षिणेला, जो थर आहे तो मऊ. तिथे नदीने ऐसपैस खोरे केले. टणक दगड आडवा आला तिथे तिला पसरता येईना, म्हणून ती खाली खाली गेली. घळ म्हणजे नदीचा हट्ट आहे असे लोक लिहितात. मला तो नाइलाज वाटला.

आतली वाट कुठे उघडी, कुठे बोगद्यातून. छत इतके ठेंगणे की, उंच जर्मन माणसे मान वाकवून चालत होती आणि आयुष्यात प्रथमच मला माझ्या पाच फूट चार इंचांचा अभिमान वाटला. वरून सतत पाणी ठिबकते. ऑगस्टचे दुपारचे ऊन, आणि आत सगळे रेनकोट घालून. कड्यावरून येणारी पाण्याची बारीक धार खाली पोहोचेपर्यंत सुटी होते, मण्यांची माळ तुटल्यासारखी, आणि आकाशाची जी फट वर दिसते तिच्यातून ऊन आले की, ते मणी एकेक करून पेटतात. ही माझा हात धरून चालत होती. तिच्या गुडघ्यासाठी की माझ्या कानांसाठी, ते दोघांनीही विचारले नाही.

नात नऊ वर्षांची. ती पुढे पळून पाट्या वाचायची आणि परत येऊन माझ्या कानात जर्मन-मराठी खिचडी ओतायची. घळीच्या मध्यावर तिने विचारले, ‘आबा, हा रस्ता टुरिस्ट लोकांसाठी केला?’

नाही. त्या जागेची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

वरच्या खोऱ्यात जंगल, खाली गाव. मध्ये ही घळ. गावाला जळण हवे आणि लाकूड आणायला रस्ता नाही. तेव्हा लोक वर झाडे तोडत, ओंडके करत, बर्फ वितळून नदी फुगली की, ते तिच्यात सोडत. नदीने ते घळीतून खाली न्यायचे, खालच्यांनी बाहेर काढायचे. हे काम १९६० च्या दशकापर्यंत चालले होते, म्हणजे माझ्या जन्मानंतरही. सगळ्यांचे लाकूड एकाच नदीत, मग आपले कुठले कसे ओळखणार? प्रत्येक मालकाची खूण ठरलेली होती. ती ओंडक्यावर खोदायची, खाली खुणेप्रमाणे वाटणी. माझ्यातला बँकवाला हे ऐकून खूश झाला. पावती नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही. नदीवर भरवसा ठेवून केलेला व्यवहार.

पण नदी वक्तशीर नव्हती. घळ अरुंद. एक ओंडका आडवा झाला की, त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर दहा. सगळा माल तुंबायचा. मग वरून, कड्यावरून, माणसाला दोरखंडाने खाली सोडत. साठ-सत्तर मीटर. हातात लांब दांड्याचा आकडा. दोराला लोंबकळत त्याने तुंबाऱ्यातला नेमका तो एक ओंडका शोधायचा, जो काढला की बाकीचे सुटतील. आणि ते सुटायच्या आत वर ओढून घ्या म्हणून इशारा करायचा. वरच्यांना तो दिसायचा का? त्याची हाक या गर्जनेत ऐकू जायची का? मी खिशातल्या यंत्रांना हात लावला. इथे चांगल्या कानाचा माणूसही बहिराच.

बव्हेरियात डोंगरवाटांच्या कडेला लहान लहान रंगवलेल्या फळ्या दिसतात. ज्या जागी कुणी कोसळून, बुडून, झाडाखाली सापडून गेला, त्या जागी त्याच्या घरच्यांनी लावलेल्या. चित्र, नाव, काय झाले ते दोन ओळींत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने प्रार्थना करावी अशी विनंती. आपल्याकडचे वीरगळ आठवतात. फक्त इथला वीर लढाईत नाही, सरपण आणताना गेलेला.

पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सुरुंग लावून कड्यातून नीट वाट काढली गेली. १९१२ मध्ये घळीला निसर्गस्मारक म्हणून जाहीर केले गेले. तिकीट आले, कठडा आला. पण ज्यांच्या धंद्यासाठी माणसे प्रथम इथे उतरली, त्यांना कठडा नव्हता. मी नातीला हे शक्य तेवढे सांगितले. ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आबा, त्याच्या मुलीला कळायचं का, आज त्याची टर्न आहे म्हणून?’ मला उत्तर सुचले नाही. मी कादंबऱ्या लिहितो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

घळीच्या वरच्या टोकाला शंभरेक मीटरचा एक नवा बोगदा लागतो. नवा म्हणजे १९९२ चा. १ जून १९९१ रोजी तिथला कडा सुटला आणि सुमारे पाच हजार घनमीटर दगड नदीत आला. जीवितहानी झाली नाही. वाट गाडली गेली, नदी अडली, मागे लहानसे तळे झाले. मग पडलेल्या दगडांच्या बाजूने डोंगरातून हा बोगदा काढला. त्याला खिडक्या ठेवल्या आहेत. त्यांतून ते घराएवढे धोंडे दिसतात. आपण त्या उन्हाळ्यात काय करत होतो, असे ही मला विचारू लागली. देश सोने गहाण ठेवत होता, आणि मी तालुक्याच्या शाखेत बसून लोकांचे सोने तोलून घेत होतो. दर ग्रॅमचा भाव अजून तोंडपाठ आहे. तो मी तिथे म्हणूनही दाखवला. असो.

बोगद्यातून बाहेर पडलो आणि आवाज एकदम थांबला. म्हणजे मला आधीही नव्हता. पण हाताखालची थरथर गेली. मऊ थराचे ऐसपैस खोरे, गवत, पांढऱ्या गोट्यांचा काठ, आणि नदी शाळा सुटल्यासारखी पसरलेली. यंत्रे कानात घातली. डबा उघडला. म्युनिकच्या पिठाचे ठेपले आणि नाशिकची चटणी.

आदल्या दिवशी आम्ही दातेरी रुळांच्या गाडीने त्सुग्श्पित्सेवर गेलो होतो. जर्मनीतले सर्वांत उंच शिखर, २९६२ मीटर. त्याच्या खांद्यावरच्या पठारावरचे बर्फाचे आणि पावसाचे पाणी चुनखडकातल्या भेगांतून आत मुरते आणि खाली खोऱ्यात झरा होऊन बाहेर येते, तीच पार्टनाख. तिथल्या हिमनदीला श्नेफेर्नर म्हणतात. ‘फेर्नर’चे मूळ ‘गेल्या वर्षीचा’ या अर्थाच्या शब्दात आहे. ‘श्ने’ म्हणजे बर्फ. गेल्या वर्षीचा बर्फ! हिमनदीची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. यंदा पडलेला बर्फ यंदाच वितळला, तर ते व्याज आले आणि खर्चून संपले. वितळता वितळता थोडा उरला, पुढच्या वर्षाच्या बर्फाखाली दबला, तर मुद्दल वाढले. तिथे मुद्दल कित्येक दशके काढून खाणे चालू आहे. श्नेफेर्नरचे दोन भाग, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. काही वर्षे उन्हाळ्यात उत्तरेकडच्या भागावर पांघरुणे घालून पाहिली, मग तो नाद सोडला. २०२२ च्या सप्टेंबरात शास्त्रज्ञांनी दक्षिण श्नेफेर्नरची मोजणी केली. बहुतेक ठिकाणी बर्फाची जाडी दोन मीटरही भरली नाही. एवढा पातळ बर्फ स्वतःच्या वजनाने सरकत नाही, आणि जी सरकत नाही ती हिमनदी नव्हे. नाव वहीतून कमी केले. जर्मनीत पाच हिमनद्या होत्या, त्या दिवशी चार झाल्या.

पार्टनाख त्यामुळे आटणार नाही, हेही सांगायला हवे. तिचे पाणी मुख्यतः त्या त्या वर्षीच्या बर्फाचे आणि पावसाचे. घळही राहील, दगड चोवीस कोटी वर्षांचा आहे. पण जावयांनी आदल्या दिवशी वर जो करडा, ओला, खडीने भरलेला उतार दाखवला होता, तो पाहून मला कुणाच्या तरी बंद झालेल्या खात्याचे पासबुक आठवले. शेवटच्या पानावर शिल्लक शून्य आणि खाली कुणाची तरी नीटस सही.

नातीचे आमच्या हिशेबांकडे लक्ष नव्हते. तिने काठावरून वीतभर लांबीची एक जाड काडी उचलून आणली.

‘आबा, आपली खूण काय?’

‘कसली खूण?’

‘आपल्या घराची. मी ही नदीत सोडणार. खाली ओळखायची कशी?’

आम्ही चौघे मोठे एकमेकांकडे पाहू लागलो. घर कुठले धरायचे, हाच पहिला प्रश्न. पुण्यातले आमचे पाडून तिथे नवी इमारत उठली आहे. गावचे भाऊबंदांत गेले. लेकीचे म्युनिकचे भाड्याचे. ही म्हणाली, ‘त्यात काय एवढं, दारावर काढतो तो स्वस्तिक—’

‘आई!’ लेक जवळजवळ ओरडलीच. ‘इथे नको. इथे तसल्या खुणेला कायद्याने बंदी आहे.’

‘अगं, पण आपला वेगळा.’

‘मला ठाऊक आहे, आई. त्यांना कोण सांगणार?’

ही गप्प झाली. तासाभरापूर्वी आम्ही १९३६ च्या त्याच मैदानावरून आलो होतो. सत्तर वर्षे हिच्या घराण्यात दसऱ्याला, पाडव्याला, नव्या वहीवर कुंकवाने जे काढले गेले, ते कुणीतरी चोरून असे विटाळून ठेवले होते की, नातीच्या काडीवरही काढता येऊ नये. हिने पर्समधून पेन काढले, थोडा विचार केला, आणि काडीची साल नखाने सोलून पांढऱ्या लाकडावर ‘श्री’ काढला. नातीला मराठी वाचता येत नाही. तिने ते अक्षर फिरवून फिरवून पाहिले, म्हणाली, ‘हे कुणाचं नसेल ना दुसऱ्याचं?’

‘इथे तरी नाही,’ ही म्हणाली.

काडी नदीत पडली आणि बोगद्याच्या खिडक्यांकडे पळाली.

आम्ही त्याच वाटेने परत फिरलो. नात पुढे, आम्ही मागे. घळीच्या खालच्या तोंडाशी पाणी जरा शांत होते तिथे ती कठड्याला टेकून उभी राहिली. काटक्या आल्या, पाने आली, एक प्लास्टिकची बाटली आली. वीस मिनिटे झाली. गाडीवान लांबून टोपी हलवत होता.

‘अडकली,’ ती म्हणाली. ‘कुणाला तरी वरून सोडायला लागेल.’

‘सोडायचं नाही हं आता कुणाला,’ मी म्हणालो. ‘पाणी वाढलं की सुटेल ती आपली आपण.’

‘मग कुठे जाईल?’

ते मला येत होते. पार्टनाख लोइझाखला मिळते, लोइझाख इझारला, आणि इझार म्युनिकमधून जाते. तिच्या शाळेच्या रस्त्यावर जो पूल आहे, त्याच्याखालून. मध्ये बांध आहेत, कालवे आहेत, ते मी सांगितले नाही.

आमचे परतीचे विमान दहा दिवसांनी होते. त्या दहाही दिवशी संध्याकाळी ती मला पुलावर घेऊन गेली. मी उजवीकडचे पाणी बघायचे, तिने डावीकडचे. आता फोनवर बोलताना ही आधी गुडघ्याचे सांगते, मग हवेचे, आणि मग हळूच विचारते, ‘पाऊस झाला का गं तिकडे?’